कादंबरीतल्या वहिनीने वाचलंय, खऱ्या वहिनीने नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या कादंबरीचा निवेदक तुमच्यासारखाच लेखक आहे. थोरल्या भावाच्या मोडलेल्या संसारावर तो कादंबरी लिहितोय आणि त्या दिवसांत वहिनीने त्याला पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश त्यात वापरतोय. नवव्या प्रकरणात ते हस्तलिखित वहिनीच्या हाती लागतं. ती वाचते, "माझ्या रडण्याचे तू परिच्छेद पाडलेस" असं म्हणते आणि उठून जाते. निवेदक ते वाक्यही लिहून ठेवतो. तुमचं म्हणणं असं की कादंबरी स्वतःच लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते, काही झाकत नाही, मग नैतिक प्रश्न उरतोच कुठे? भाऊ, वहिनी आणि त्यांची शाळकरी मुलगी खरी आहेत आणि संदेशही बरेचसे खरे आहेत, हे तुम्ही सोबतच्या पत्रात मोकळेपणाने सांगितलंत. म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

प्रश्न उरतो, आणि तो नेमका नवव्या प्रकरणात आहे. कादंबरीतल्या वहिनीने हस्तलिखित वाचलंय. खऱ्या वहिनीने अजून एक पानही पाहिलेलं नाही. तिचा संताप, तिचं ते वाक्य, तिचं उठून जाणं हे सगळं तुम्ही तिच्या आधी लिहून टाकलंत. उद्या ती खरोखर वाचेल आणि चिडेल तेव्हा तिचं चिडणं आधीच छापून आलेलं असेल, तेही तिला जमले नसते इतक्या नेटक्या शब्दांत. संदेश तर घेतलेतच, वर तिची तक्रारही घेतलीत.

लेखकाने स्वतःलाच गोष्टीत उभं करावं, लिहिता लिहिता लिहिण्यावरच शंका घ्यावी, हे मला मनापासून आवडतं. तेव्हा हा सगळा प्रकारच ढोंगी आहे असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण संपादनासाठी येणाऱ्या अशा हस्तलिखितांत मला एक लकब वारंवार दिसते. निवेदक मध्येच थांबतो आणि म्हणतो, मी हे लिहायला नको होतं, मी चोर आहे, मी माझी माणसं विकतोय. वाचकाला भरून येतं. परीक्षणात 'निर्भीड प्रामाणिकपणा' वगैरे छापून येतं. ही कबुली कुणापुढे दिली जाते तेवढं बघा. ज्याचं गेलं तो माणूस तिथे हजर नसतो. हजर असतो वाचक, ज्याचं काहीच गेलेलं नाही आणि ज्याला माफ करायला काही पडत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकन कवितेत सापडतं. त्या प्रकरणातली पत्रं आता प्रसिद्ध झालेली आहेत, म्हणून तिथे जरा रेंगाळते. रॉबर्ट लोवेल हा त्याच्या पिढीतला मोठा कवी. १९७० मध्ये तो इंग्लंडला गेला, तिथे कॅरोलाइन ब्लॅकवूडच्या प्रेमात पडला आणि न्यूयॉर्कच्या संसारात परतला नाही. मागे राहिली एलिझाबेथ हार्डविक. वीस वर्षं संसार केलेली बायको, स्वतः कसलेली समीक्षक, आणि पदरी वयात येणारी मुलगी. हार्डविक त्याला पत्रं लिहीत राहिली. त्यांत राग होता, समजूत होती, कर भरण्याची आठवण होती, मुलीच्या बातम्या होत्या. लोवेलने त्या पत्रांतल्या ओळी उचलल्या, काही बदलल्या, काही आपल्या घातल्या आणि चौदा-चौदा ओळींच्या कवितांत तिच्याच आवाजात बसवल्या. 'द डॉल्फिन' हा तो संग्रह १९७३ मध्ये आला.

छपाईआधी हस्तलिखित त्याच्या जुन्या मैत्रिणीकडे, कवयित्री एलिझाबेथ बिशपकडे गेलं होतं. मार्च १९७२ मध्ये बिशपने त्याला लिहिलेलं पत्र मी माझ्याकडे येणाऱ्या लेखकांना वाचायला लावते. कविता थोर आहेत हे ती आधीच सांगून टाकते, म्हणजे आक्षेप कवितेच्या दर्जावर नाही. मग टॉमस हार्डीच्या शब्दांचा आधार घेऊन ती म्हणते की खरं आणि कल्पित कोणत्या प्रमाणात मिसळलंय हेच वाचकाला कळू नये, अशा मिसळीतून अपार घात होतो. आणि तू तर तिची पत्रं बदललीस. कलेचं मोल एवढं नसतं, असं ती मित्राला सरळ ऐकवते.

लोवेलने थोडे फेरफार केले, काही कवितांचा क्रम हलवला आणि पुस्तक छापलं. शेवटच्या कवितेत कबुली आहेच. दुसऱ्यांची इजा आपण टाळली नाही, स्वतःचीही टाळली नाही, आपल्या हाताने जे केलं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलंय, अशा अर्थाच्या त्या ओळी आहेत. सुंदर आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. १९७४ मध्ये संग्रहाला पुलित्झर मिळालं. हार्डविकला आपल्या पत्रांचं काय झालं ते पुस्तक बाहेर आल्यावर कळलं. तोवर परीक्षणं लिहिणारे तिच्या तोंडी घातलेल्या ओळी तिच्याच धरून तिच्या स्वभावावर, मुलीवरसुद्धा मतं देऊ लागले होते. एड्रियन रिच या कवयित्रीने तेव्हाच उघडपणे या पुस्तकाला क्रूर आणि उथळ म्हटलं. शेवटच्या कवितेतल्या कबुलीने हार्डविकचं त्या परीक्षणांपासून रक्षण केलं नाही, करणं शक्यही नव्हतं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. संदेशांतले निम्मे खरे, निम्मे रचलेले, आणि कोणते कोणते ते कुणाला ओळखता येणार नाही, असं तुम्ही थोड्या अभिमानानेच लिहिलंय. कारागिरी म्हणून ठीक. पण वहिनीच्या जागी बसून बघा. तिने न लिहिलेल्या वाक्यांचा जाब तिला माहेरी, सासरी, शाळेत द्यावा लागणार. "हे मी लिहिलंच नव्हतं" असं म्हणायचं तर "ते मात्र मी लिहिलं होतं" हेही कबूल करणं आलं. म्हणजे एक खोटं खोडायला तिला चार खरी उघडी करावी लागतील. तुम्ही मात्र दोन्हीकडून सुरक्षित. कुणी भारावला तर "जगलेलं आहे", कुणी हरकत घेतली तर "कादंबरी आहे हो". छापा आला तरी तुमचा, काटा आला तरी तुमचाच. सीमारेषा पुसण्यातली मला जाचणारी गोष्ट ही आहे: ती पुसल्याचा फायदा कायम पुसणाऱ्याला मिळतो.

आपल्याकडे हा सगळा मामला एका नाटकात फार आधी मांडून झालाय. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आपण स्त्रीच्या छळाचं नाटक म्हणून वाचतो आणि ते आहेच. पण ते नाटक करणाऱ्यांविषयीचंही नाटक आहे, याकडे कमी लक्ष जातं. १९६७ मध्ये रंगायन या नाट्यसंस्थेने ते केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, नायिका बेणारेची भूमिका सुलभा देशपांड्यांची. एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलीय. मूळ खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. वेळ जात नाही आणि गावातल्या सामंतला कोर्ट कसं चालतं ते दाखवायचंय, म्हणून गंमतीचा खटला रचायचा ठरतं. आरोपी कोण? आपल्यातलीच बाई, लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. सुरुवातीला सगळेच हसतात, तीही हसते. मग एकेका साक्षीतून तिचं खरं आयुष्य आत यायला लागतं आणि खेळाचं नाव मात्र खेळच राहतं.

या नाटकातल्या तीन गोष्टी मला तुमच्या हस्तलिखितापुढे ठेवायच्या आहेत. पहिली सामंतची साक्ष. या भोळ्या माणसाला काहीच ठाऊक नाही. साक्ष तर द्यायचीय, म्हणून तो हातातल्या कादंबरीच्या आधाराने मंडळीतल्या गैरहजर प्रा. दामल्यांच्या खोलीतला प्रसंग रचून सांगतो. तो प्रसंग बेणारेच्या खऱ्या आयुष्याला जाऊन चिकटतो. छापील कल्पित मजकूर जिवंत माणसाविरुद्ध पुरावा होतो, आणि सांगणाऱ्याच्या मनात कपट असावं लागतं असंही नाही. तुम्ही रचलेले निम्मे संदेश उद्या हेच काम करतील.

दुसरी गोष्ट बेणारेचं शेवटचं स्वगत. न्यायाधीश झालेले काशीकर तिला निवेदनासाठी दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बाकीची पात्रं गोठून उभी राहतात आणि ती बोलत सुटते. आपल्याला, प्रेक्षकांना, सगळं ऐकू येतं. कोर्टातल्या एकालाही येत नाही. तेंडुलकरांनी हे जाणून केलंय. बोलायची संधी 'दिली' हा देखावा आणि प्रत्यक्षात कुणीही न ऐकणं, यांतली दरी त्यांना दाखवायची आहे. तुमच्या नवव्या प्रकरणातही वहिनीला बोलायला जागा दिली आहे, पण तुमच्याकडे ही दरी दिसत नाही. निवेदक तिचं ऐकतो, विव्हळतो, लिहून घेतो आणि आणखी थोर ठरतो. तेंडुलकरांच्या कोर्टाला स्वतःची लाज वाटत नाही म्हणून प्रेक्षकाला वाटते. तुमच्या निवेदकाला इतकी लाज वाटते की वाचकाच्या वाट्याला ती उरतच नाही.

तिसरी गोष्ट शेवटाची. सगळं झाल्यावर मंडळी बेणारेला समजावतात की मनाला लावून घेऊ नकोस, खेळच होता तो. 'या कादंबरीतील पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत' हे वाक्य तुम्ही पहिल्या पानावर घातलंय. त्याच्या खालच्याच ओळीत, अर्पणपत्रिकेत, भावाच्या आणि वहिनीच्या नावाची आद्याक्षरं आहेत. दोन्ही एका पानावर ठेवायचा तुमचा बेत खट्याळ आहे हे कळलं, हसूही आलं. दोन्ही काढा.

जाता जाता एवढंच, की या नाटकाची कल्पना तेंडुलकरांना पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या मंडळींच्या गप्पा कानावर पडून सुचली, असं सांगतात. म्हणजे उचलेगिरी तिथेही आहे. पण ती माणसं कोण होती हे नाटकावरून कुणी सांगू शकणार नाही. ती खरी माणसं आणि रंगमंचावरची माणसं यांच्यामध्ये एक अख्खा खटला रचला गेला. तुमच्या वहिनीमध्ये आणि पात्रामध्ये फक्त गावाचं नाव बदललंय.

परवानगी घेतली की मिटलं, असंही समजू नका. सर्ज दुब्रोव्स्की या फ्रेंच लेखकाने १९७७ मध्ये आपल्या 'फिस' या पुस्तकासाठी 'ऑटोफिक्शन' हा शब्द चालवला, म्हणजे स्वतःच्याच जगण्यावर रचलेली कादंबरी. आज जगभर जे लिहिलं जातं त्याचं बारसं त्याचंच. पुढे आपल्या दुसऱ्या लग्नाबद्दल लिही, असं त्याच्या बायकोनेच, इल्सेने, त्याला सुचवलं. तो लिहिलेली प्रकरणं तिला वाचायला देत गेला. तिच्या दारूच्या व्यसनावरचं प्रकरणही दिलं. पुस्तक पुरं व्हायच्या आत, १९८७ मध्ये, ती पॅरिसमध्ये मद्याच्या अतिसेवनाने गेली; तो तेव्हा अमेरिकेत होता. १९८९ मध्ये आलेल्या पुस्तकात तिचा मृत्यू आणि त्यातला आपला वाटा हाही मजकूर झाला, आणि त्या पुस्तकाला फ्रान्समधला मेदिसी पुरस्कार मिळाला. या घटनेवरून लेखणीनेच जीव घेतला असा निकाल द्यायला मी धजणार नाही, माणसं इतकी सोपी नसतात. मला त्यातून एवढंच दिसतं की 'लिही' म्हणणारी व्यक्ती आणि लिहिलेलं वाचणारी व्यक्ती एकाच नावाची असली तरी तिची मनःस्थिती एक नसते. होकार प्रत्येक खर्ड्याला नव्याने विचारावा लागतो.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो तुम्ही मांडलाच नाहीत. सगळ्यांनी घरच्यांची संमती घेऊनच लिहायचं ठरवलं असतं, तर मराठीतली अर्धी थोर आत्मकथनं जन्मालाच आली नसती. मल्लिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिताना नवऱ्याची, नामदेव ढसाळांची, परवानगी घ्यायला हवी होती, असं कुणी म्हटलं तर मी त्या माणसाशी बोलणार नाही. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं ते पु. ल. हयात असताना, आणि 'घरातलं बाहेर कशाला' म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. पण या पुस्तकांत कोण कुणाबद्दल लिहितंय ते पाहा. ज्याचा आवाज आधीच सभागृहं भरवत होता त्याच्याबद्दल, त्याच्या शेजारी जगलेली बाई लिहितेय. तिने लिहिलं नसतं तर एकच बाजू राहिली असती. तुमच्या घरात लेखक तुम्ही आहात. प्रकाशक तुमच्या ओळखीचा, परीक्षणं लिहिणारे तुमच्या मित्रमंडळींत. वहिनी शाळेत शिकवते आणि तिच्याकडे उत्तर द्यायला व्हॉट्सॲपशिवाय काही नाही. तेही तुम्ही वापरून झालात.

उत्तर देता येणं न येणं किती फरक करतं ते नॉर्वेत दिसलं. विग्दिस यूर्थ या कादंबरीकर्तीने २०१६ मध्ये वारशाच्या भांडणावर आणि बापाच्या अत्याचारावर कादंबरी लिहिली, ती घरच्यांशी ताडून पाहिली गेली, आणि पुढच्याच वर्षी तिची वकील बहीण हेल्गा हिने आपली कादंबरी लिहून उत्तर दिलं. घराचं व्हायचं ते झालं, पण वाचकापुढे दोन पुस्तकं तरी होती. दुसरं पुस्तक लिहू न शकणाऱ्या बहिणीचं काय, हा प्रश्न तुमच्या वहिनीचा आहे.

दया पवारांच्या 'बलुतं' या आत्मकथनाचा मात्र वेगळा विचार करायला हवा, कारण तिथे स्वतःकडे वळून पाहणं ही नुसती क्लृप्ती नाही. १९७८ चं पुस्तक. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. शिकलेला, पांढरपेशा वस्तीत वावरणारा, लेखक म्हणून नाव झालेला एक, आणि मुंबईतल्या कावाखान्यात वाढलेला, त्याच्या मागून सावलीसारखा येणारा दुसरा. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसतात. ही रचना कुणाची माफी मागत नाही. आपण ज्या भाषेत आणि ज्या वाचकांसाठी लिहितोय ते आपल्याला आपल्याच माणसांपासून किती दूर घेऊन आलेत, ते ती दाखवते. चिरफाड झालीच तर आधी लेखकाची होते. पुस्तक आल्यावर समाजातूनही टीका झाली, आपली लक्तरं वेशीवर कशाला टांगलीस म्हणून. तो धोका पवारांनी स्वतःच्या नावावर घेतला. आणि तरीही, दगडूच्या संशयापायी मोडलेल्या पहिल्या लग्नाचा भाग मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा त्या बाईची बाजू कुठे आहे असं मनात येतंच. पुस्तक थोर असण्याने ती जागा भरत नाही, आणि ती जागा रिकामी असण्याने पुस्तक लहानही होत नाही. दोन्ही गोष्टी मनात बाळगूनच ते वाचावं लागतं.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रकाशक विचारेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तिथे 'जे लिहिलं ते खरं आहे' एवढं पुरत नाही. ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असेल तर त्यात येऊ शकतो. खासगीपणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल खटल्यात, ऑटो शंकर नावाच्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून, बरंच स्पष्ट केलंय: सार्वजनिक नोंदींत आहे ते छापता येईल, पण त्यापलीकडे लग्न, कुटुंब, मातृत्व यांसारख्या बाबतींत संमतीशिवाय लिहिणारा स्वतःच्या जबाबदारीवर लिहितो. आणि पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे राहतो. संदेशांनाही तोच न्याय लावून चाला. तुमच्या फोनवर आले म्हणून ते तुमचे झाले नाहीत.

जर्मनीतला एक निकाल मात्र कायद्यापेक्षा लिहिण्याच्या दृष्टीने शिकण्यासारखा आहे. माक्सिम बिलरच्या 'एस्रा' (२००३) या कादंबरीवर त्याच्या आधीच्या प्रेयसीने आणि तिच्या आईने दावा केला. २००७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने म्हटलं की कादंबरी ही आधी कल्पित मानली पाहिजे. पण पात्र मूळ व्यक्तीच्या जितकं जवळ, तितकं व्यक्तीच्या हक्काचं पारडं जड, आणि लेखकाने जितकं जास्त घडवलं तितका तो मोकळा. प्रेयसीच्या बाबतीत बंदी टिकली, कारण शय्येवरचे आणि मुलीच्या आजारपणाचे तपशील लेखकाने स्वतः पाहिल्यासारखे आले होते. आईचं चित्रण फारसं चांगलं नव्हतं, ओळखही पटत होती, तरी तिचा दावा त्या न्यायालयात टिकला नाही. ते चित्रण बरंचसं निवेदकाच्या ऐकीव गोष्टींतून घडलेलं होतं. मला हा फरक पटतो. आंधळेपणाने नावगाव बदलत बसण्यापेक्षा निवेदकाला काय दिसलं आणि काय त्याने नुसतं कल्पिलं, हे पानावर वेगळं दिसू द्या.

तुमच्या हस्तलिखिताबद्दल नेमकं सांगायचं तर मुलीला आधी बाहेर काढा. तिने शाळेत केलेला तो प्रकार, ज्यावर पूर्ण सहावं प्रकरण उभं आहे, तो कादंबरीत नको. ती आता दहावीत आहे असं तुम्हीच लिहिता. तिच्या वर्गातल्या कुणाची तरी आई हे पुस्तक वाचणार. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत मी संमतीच्या भानगडीत पडत नाही; त्याच्या वतीने होकार देणारे मोठेच त्या भांडणात पक्षकार असतात. मूल हवंच असेल तर मुलगा करा, वय बदला, प्रकार बदला, आणि बदलल्यावर प्रकरण कोसळतंय असं वाटलं तर ते प्रकरण त्या मुलीच्या जिवावरच उभं होतं हे समजा.

संदेश काढा, खरे आणि रचलेले दोन्ही. हे ऐकून तुम्हाला वाटेल की कादंबरीचा कणाच काढायला सांगतेय. मला उलट वाटतं. तुमच्या कादंबरीत वहिनी जागोजाग आहे, पण खरं तर ती कादंबरी धाकट्या दिराची आहे. भावाचं घर मोडत असताना ज्याला रात्री बारानंतर येणाऱ्या त्या संदेशांची वाट बघावीशी वाटली, ज्याला आपण गरजेचे आहोत याची चटक लागली, तो माणूस. ते संदेश उघडायच्या आधी तो फोन उलटा ठेवून पाणी पिऊन येतो, हे अर्ध्या पानाचं वर्णन तुमच्या सगळ्या हस्तलिखितात मला सर्वांत जास्त लक्षात राहिलं. त्यात वहिनीचा एकही शब्द नाही. असं आणखी लिहा. हार्डविकनेही हेच केलं, असं मला वाटतं. 'द डॉल्फिन'नंतर सहा वर्षांनी, १९७९ मध्ये, तिची 'स्लीपलेस नाइट्स' आली. निवेदिकेचं नाव एलिझाबेथ. वाचणाऱ्यांना वाटलं असणार की आता हिशेब चुकता होणार. पुस्तकात नवरा जवळजवळ नाहीच. स्वस्त हॉटेलं आहेत, गायिका आहे, मोलकरणी आहेत, आई आहे. सूड तर नाहीच, पण ज्याच्याबद्दल ऐकायला सगळे टपलेत त्याला गाळून कादंबरी उभी करण्याचं धैर्य फार कमी लेखकांत असतं.

गाळण्याचा आणखी एक धडा सिनेमातून घ्या. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमीच्या 'क्लोज-अप'मध्ये (१९९०) आपण प्रसिद्ध दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ असल्याची बतावणी करून एका कुटुंबात शिरलेला सब्झियान स्वतःच स्वतःची भूमिका करतो, फसलेलं कुटुंबही. कला आणि जगणं याहून जास्त मिसळता येणार नाही. शेवटी खरा मखमलबाफ त्याला तुरुंगाच्या दारात भेटतो, दोघं मोटरसायकलवरून निघतात आणि नेमका तेव्हाच ध्वनी तुटत राहतो. यंत्र बिघडलं, असं सिनेमातच सांगितलं जातं. तो बिघाड मुद्दाम घातलेला होता हे पुढे किआरोस्तमीनेच सांगितलं. कारण काहीही असो, त्यामुळे त्या दोघांच्या बोलण्यातला मोठा भाग आपल्याला मिळत नाही, तो त्यांचाच राहतो. आपण काय दाखवत नाही आहोत हे दाखवणं, हेही स्वतःकडे पाहणाऱ्या कलेचंच काम आहे. संदेशांच्या जागी तुम्हाला हे करता येईल: निवेदक सांगतो की संदेश आला, किती ओळींचा होता, किती वाजता, आणि तो आपण इथे देणार नाही.

राहिलं नववं प्रकरण. ते आत्ता बाजूला ठेवा आणि वहिनीला हस्तलिखित द्या. छापील कागदावर द्या, फोनवर पीडीएफ नको. फोनवरचा मजकूर माणूस घाईत, नको तिथे वाचतो. समोर बसून राहू नका. भावाच्या आधी तिला द्या, कारण भावाचं मत तिच्या कानावर गेलं की तिचं वाचन तिचं राहत नाही. सोबत चिठ्ठी असू द्या, त्यात पुस्तकाची तारीख ठरलेली नाही हे लिहा आणि ते खरं असू द्या. "तुला काही बदल सुचवायचेत का" असं विचारू नका, ती तुमची संपादक नाही. "यातलं काय छापलं तर तुला जगणं अवघड होईल" एवढंच विचारा. ती म्हणेल ते सगळं तुम्ही ऐकलंच पाहिजे असं माझं मत नाही. "मी चिडकी दिसते" ही हरकत तुम्ही बाजूला ठेवू शकता. "माझ्या आईला माझ्या गर्भपाताचं माहीत नाही" ही नाही.

ती वाचेल त्यानंतर जे घडेल ते कादंबरीत घालायचा मोह होणार, तो मला आत्ताच दिसतोय. ती काय बोलली ते लिहू नका. हवं तर ती काहीच बोलली नाही असंही लिहू नका, कारण गप्प राहणंही तिचंच आहे. नववं प्रकरण मग कदाचित निवेदक पाकीट तिच्या दाराशी ठेवून जिना उतरतो एवढ्यावरच संपेल. मला चालेल.

प्रकाशकाला दिवाळीच्या आत पुस्तक हवंय, हे तुम्ही लिहिलंय. सहावं आणि नववं प्रकरण नव्याने येणार आहे आणि अर्पणपत्रिका काढली आहे, असं त्याला आजच ईमेलने लेखी कळवा. मलपृष्ठावरचा मजकूर तोच लिहिणार असेल तर त्यात 'सत्यघटनेवर आधारित' किंवा 'लेखकाच्या कुटुंबातली' असा उल्लेख नको, हेही त्याच ईमेलमध्ये घाला. विक्रीसाठी तो घालतोच, आणि तुम्ही आत केलेली सगळी मेहनत त्या एका ओळीने वाया जाते. वहिनीचं वाचून झालं की नवी प्रत मला पाठवा. तोवर मी पहिल्या पाच प्रकरणांवरच्या टिपा तयार ठेवते, तिसऱ्यात काळांचा बराच गोंधळ आहे.